पिकअप स्टार्ट होत नाही? पाना उचलण्याआधी कान द्या

पहाटे साडेतीनला टोमॅटोचे क्रेट भरून उभी असलेली पिकअप नेमकी तेव्हाच रुसते. चावी फिरवली, काहीतरी आवाज झाला किंवा झालाच नाही, आणि दहा मिनिटांत चार सल्ले गोळा होतात. बॅटरी गेली. सेल्फ (स्टार्टर मोटर) गेला. डिझेलने एअर घेतली. पंप बसला. चारांपैकी कुठलाही खरा असू शकतो, पण प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. तो ओळखता आला तर निम्मं काम पाना न लावताच होतं आणि नव्या बॅटरीचे पैसे खिशात राहतात.

इथे डिझेल पिकअप धरली आहे. बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त अशा वर्गातली, १२ व्होल्टची, कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे एका सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाखाली डिझेल देणाऱ्या इंजिनाची. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीचं जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे. हत्यारं फार लागत नाहीत. एक साधा मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, १० आणि १३ नंबरचा पाना, बऱ्यापैकी जाड जंपर केबल आणि हातभर पारदर्शक पाइप.

आधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पंखा-टेप-लाइट बंद. चावी ऑनवर नेऊन तिथेच थांबा आणि डॅशबोर्ड बघा. बॅटरीचा लाल दिवा, ऑइलचा दिवा आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा, तिन्ही लागले पाहिजेत. चेक इंजिन लागतच नसेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, करंट पोचत नाही अशी शंका धरा. मग सेल्फ कितीही मारला तरी इंजेक्टर उघडणार नाहीत. मेन रिले आणि ईसीयूचा फ्यूज आधी तपासा. इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा, दिवा भराभर लुकलुकत असेल तर गाडी चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून बघा, आणि जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी अडकवलेली असेल तर ती काढून बघा. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण टोइंगचे पैसे देण्याआधी ही दोन मिनिटं घालवावीत.

मग सेल्फ मारा. एकदाच, आणि बोनेट उघडून दुसऱ्या माणसाला ऐकायला उभं करून.

आवाज काय सांगतो

कट-कट-कट-कट असा भरभर आवाज आला तर सेल्फवरचा चुंबकी स्विच, म्हणजे सोलेनॉइड, ओढतोय, ओढताच व्होल्टेज पडतंय, तो सुटतोय, पुन्हा ओढतोय. बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. इथे सेल्फ उतरवायचं काहीच कारण नाही.

एकच दणकट 'टक' आणि मग शांतता असेल तर सोलेनॉइड बसला, पण मोटर फिरली नाही. आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत, कार्बन ब्रश संपलेत, नाहीतर इंजिनच अडकलंय. या शेवटच्या शक्यतेकडे पावसाळ्यात नीट लक्ष द्यायला हवं, खाली त्यावर वेगळं लिहिलं आहे.

काहीच आवाज नाही, पण दिवे झगझगीत असतील, तर सेल्फला हुकूमच पोचत नाही. घर्रर्र करून मोटर नुसती फिरते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स (सेल्फचं इंजिनाला धरणारं दातचक्र) घसरतोय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात झिजलेत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेकदा ठरावीक दोन जागांवर थांबतं, म्हणून रिंगही तिथेच झिजते. गाडी गिअरमध्ये टाकून वीतभर पुढे ढकलली की दात बदलतात आणि सेल्फ घेतो. असं झालं तर दोष रिंगमध्ये आहे हे जवळपास नक्की.

आणि इंजिन नेहमीच्या वेगात छान फिरतंय, पण पेटत नाही, तर बॅटरी-सेल्फचा विषय संपला. थेट डिझेलकडे जा.

उभ्या बॅटरीचं व्होल्टेज फसवतं

मल्टिमीटर लावून '१२.५ दाखवतोय, बॅटरी चांगली आहे' असं म्हणणं ही सर्वांत नेहमीची चूक. रात्रभर उभी राहिलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असेल तर पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. पण हे झालं विश्रांतीतलं. जुन्या, सल्फेट बसलेल्या प्लेटची बॅटरीही रिकाम्या हाताने १२.५ दाखवते. खरी परीक्षा ओझ्याखाली. मीटरचे पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर धरा, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नको, आणि सेल्फ मारायला सांगा. ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी उतरली आहे किंवा संपली आहे. चार्ज केल्यावरही १०.५ च्या जवळच अडकून बसत असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे, कारण एक सेल २.१ व्होल्टचा असतो.

पाण्याची बॅटरी असेल तर आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर याहून चांगलं सांगतो. भरलेल्या सेलमध्ये १.२५० किंवा त्याहून जास्त, ज्याला गॅरेजात 'बाराशे पन्नास' म्हणतात. पाच सेल बाराशे पन्नास आणि एक अकराशे ऐंशी दाखवत असेल तर चार्जिंगवर वेळ घालवू नका. सहाही सारखेच खाली असतील तर बॅटरी फक्त उपाशी आहे. ६० एएचच्या (अँपिअर-तास) बॅटरीला ६ अँपिअरने दहा-बारा तास चार्जर लावा. अर्धा तास गाडी चालवून रिकामी बॅटरी भरत नाही.

आता मुद्द्याचं. बॅटरी ओझ्याखाली ११ व्होल्ट टिकवतेय आणि तरी सेल्फ रडतोय, तर करंट वाटेत अडतोय. छोट्या डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना २०० अँपिअरच्या घरात ओढतो. टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीमुळे वाटेत फक्त ०.०१ ओहमचा अडथळा झाला तरी २०० गुणिले ०.०१, म्हणजे २ व्होल्ट तिथेच जळतात. हेडलाइट दोन्ही मिळून १० अँपिअर घेतात, त्यांचं नुकसान फक्त ०.१ व्होल्ट. म्हणून दिवे लख्ख लागतात आणि सेल्फ उठत नाही. 'लाइट तर चांगली लागते' हा बॅटरीच्या वाटेचा पुरावा होऊ शकत नाही, तो यामुळे.

हा अडथळा शोधायला ओहम मोजत बसू नका, साधा मीटर इतका बारीक ओहम दाखवतच नाही. व्होल्टचीच रेंज ठेवा. एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरा सेल्फच्या जाड बोल्टवर, ज्यावर बहुधा ३० नंबर असतो. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर त्या केबलमध्ये किंवा तिच्या टोकांत खोट आहे. मग एक पिन निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर. इथे ०.३ पेक्षा जास्त नको. पिकअपमध्ये या दुसऱ्या मापातच जास्त वेळा चोर सापडतो, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि त्याची अर्थिंगची पट्टी चिखल, डिझेल आणि खताच्या गोणीतून गळणाऱ्या क्षारांत वर्षानुवर्षं कुजत असते. रस्त्यावर मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरं इंजिनच्या ब्रॅकेटला चिकटवा. सेल्फ झटक्यात उठला तर अर्थिंग बदला, एवढाच आजार.

टर्मिनल साफ करताना निगेटिव्ह आधी सोडा, लावताना सर्वांत शेवटी. खायचा सोडा गरम पाण्यात घालून ओता, सेलची बुचं घट्ट लावलेली असू द्या. क्लॅम्पच्या आतली बाजू सँडपेपरने चकचकीत करा, कसा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी ग्रीस फासून मग क्लॅम्प बसवायची सवय अनेकांना आहे. ती मोडा.

सेल्फला हुकूम पोचत नाही तेव्हा

सोलेनॉइडवर जाड बोल्टाशेजारी एक बारीक वायर असते, नंबर ५०. तिथे टेस्ट लॅम्प लावून चावी फिरवा. लॅम्प नीट लागला आणि सेल्फ गप्प राहिला तर दोष सेल्फमध्ये. लॅम्प लागलाच नाही तर मागे मागे या. स्टार्टर रिले, फ्यूज, इग्निशन स्विच, आणि असेल तर क्लच पेडलवरचा स्विच. रिले तपासायला त्याच डब्यातला तशाच पिनांचा आणि तेवढ्याच अँपिअरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, अदलाबदल करून बघा. क्लच स्विच पायाखालच्या मॅटमुळेही दबत नाही. पेडल पूर्ण तळाला जातंय ना, ते हाताने चाचपा.

सेल्फच्या अंगावर हातोडीच्या दांड्याने दोन टकोरे मारल्यावर गाडी चालू होत असेल तर ब्रश आखूड झालेत, जागेवर अडकतायत. ही युक्ती गाडी घरी आणण्यापुरतीच. ब्रश, बुश आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बदलणं हे चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं काही तासांचं काम असतं. पूर्ण सेल्फ नवा घ्यायला सांगितलं तर आधी तो उघडून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) दाखवायला सांगा.

पावसाळ्यातली एक गोष्ट मात्र वेगळी. गाडी पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर पुन्हा सेल्फ मारू नका. धक्काही नको. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दोन-चार हजारांचं काम इंजिन उघडण्यावर जातं. एअर फिल्टरचा डबा उघडा. कागद ओला असेल तर ग्लो प्लग (थंडीत सिलिंडर तापवणारे प्लग) किंवा इंजेक्टर काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. शंका असेल तर क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, फिरण्याच्या दिशेनेच, हाताने फिरवून बघा. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले तर इंजिन अडकलेलं नाही.

फिरतंय, पण पेटत नाही

सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत जातंय पण जळत नाही, तर ग्लो प्लग किंवा कॉम्प्रेशन. काळा धूर असेल तर हवा कोंडली आहे. धूरच नाही तर डिझेल पोचत नाही, आणि पिकअपमध्ये सर्वांत जास्त भेटणारी तक्रार हीच.

गेजवर विश्वास ठेवू नका, पाच लिटर डिझेल ओता. मग फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, वेगळी रेघ दिसते. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांनी हे दर पंधरवड्याला करावं. नवा फिल्टर भरून लावत असाल तर मधल्या मोठ्या भोकातून डिझेल ओतू नका. ती गाळून बाहेर पडण्याची बाजू आहे, तिथून गेलेला कण थेट हाय प्रेशर पंपात. कडेच्या बारीक भोकांतून भरा, किंवा कोरा लावून प्रायमरने (डिझेल ओढायच्या हातपंपाने) भरा.

एअरबद्दल एक गैरसमज सतत ऐकू येतो. 'डिझेल कुठे गळत नाही, मग एअर कुठून घेणार?' टाकीत इलेक्ट्रिक पंप नसेल तर टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीवर चालते. तिला बारीक भेग असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभर उभी राहिली की डिझेल मागे टाकीत उतरतं, आणि सकाळी पंप हवाच चावत बसतो. प्रायमर दाबून बघा. दहा-पंधरा दाबांत दगडासारखा घट्ट व्हायला हवा. होत नसेल, किंवा घट्ट होऊन पुन्हा ढिला पडत असेल, तर वाटेत कुठेतरी हवा शिरते आहे. फिल्टरनंतर पारदर्शक पाइपचा तुकडा घाला. बुडबुड्यांची माळ दिसली की गुन्हेगार मागच्या बाजूला.

मग कॅनची परीक्षा. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन फिल्टरपेक्षा उंच ठेवा, टाकीकडून येणारी नळी काढून कॅनमधून थेट फिल्टरला जोडा, एअर काढा, सेल्फ मारा. गाडी चालू झाली तर पंप, इंजेक्टर, सेन्सर सगळे निर्दोष. टाकीतली जाळी, टाकीपासूनची रबरी नळी, नळी जोडणाऱ्या बँजो बोल्टचे वॉशर, क्लॅम्प, एवढ्यातच शोधायचं. इंजेक्टर काढून टेस्टिंगला पाठवण्याआधी ही परीक्षा झालीच पाहिजे. ती न करता पंप उतरवायला सांगणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत आणावी, असं स्पष्ट मत आहे.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत चावी ऑन केल्यावर पंपावरच्या सोलेनॉइडचा हलका 'टिक' ऐकू येतो का बघा. त्याची वायर निघाली तरी डिझेल बंद. तिथे इंजेक्टरचे नट अर्धा फेरा सोडून एअर काढायची पद्धत चालते. कॉमन रेलवर ती चालवू नका. रेलमधला दाब चालत्या इंजिनात हजार बारच्या पुढे जातो, ती धार कातडीतून आत घुसते आणि छोटीशी जखम बोट घालवते.

कॉमन रेलमध्ये ईसीयू इंजेक्टर उघडण्याआधी दोन गोष्टी मागतो. क्रँक फिरतोय याचा सिग्नल आणि रेलमध्ये पुरेसा दाब, साधारण २०० बार. ईसीयूतले आकडे वाचणारा स्कॅनर लावून सेल्फ मारताना हे दोन आकडे वाचा. आरपीएम शून्य दाखवत असेल तर क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा त्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा. कोड बहुधा पी ०३३५. कॅम सेन्सरचा पी ०३४०, रेलचा दाब कमी असल्याचा पी ००८७. चहाला थांबलं की गाडी सुरू होत नाही, अर्ध्या तासाने आपोआप होते, अशी तक्रार असेल तर गरम झाल्यावर तुटणारा क्रँक सेन्सर हा पहिला संशयित. त्याच्यावर ओलं फडकं ठेवून बघा.

आरपीएम येतोय, फिल्टरपर्यंत डिझेल नीट आहे, पण दाब ८०-१०० बारवर अडकतोय, तर इंजेक्टर परतीच्या वाटेने डिझेल सोडून देतायत का बघा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या नळ्या आणि चार सारख्या बाटल्या लावून दहा सेकंद सेल्फ मारा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट दिसलं तर तोच. चारही कोरड्या आणि दाबही नाही, तर पंप किंवा त्याचा डिझेल मोजून सोडणारा मीटरिंग व्हॉल्व्ह. त्यानंतरचं काम रस्त्यावरचं नाही.

ग्लो प्लगबद्दल फार लिहायला नको. कोकणात ते मेलेले असले तरी वर्षभर कळत नाही. निफाडला डिसेंबरच्या पहाटे कळतं. वायर काढा, टेस्ट लॅम्पचा क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला, टोक प्लगच्या खुंटीला. लॅम्प लागला नाही तर प्लग गेला. ग्लो प्लगच्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे मारू नका, तो तापलेल्या प्लगवर नको तेव्हा पेटतो आणि पिस्टन फोडतो.

धक्का, जंपर आणि उतरणारी बॅटरी

बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर कॉमन रेल गाडीला धक्का मारून उपयोग नाही, ईसीयू जागाच होत नाही. बॅटरीत थोडा जीव असून सेल्फ बिघडला असेल तर चावी ऑन, दुसरा गिअर, आणि वेग आल्यावर क्लच सोडायचा. क्रेट भरलेल्या गाडीला उतार लागतो.

जंपर लावताना लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण शेवटची ठिणगी तिथेच उडते. पाच मिनिटं थांबून मग सेल्फ. काढताना उलट क्रम. मोठ्या ट्रक-बसला २४ व्होल्ट असतात. त्यांच्यावरून जंपर घेतला तर ईसीयू जळेल. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या.

गाडी चालू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसले पाहिजेत. १२.५ वरच राहिले तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. चार्जिंग बरोबर आहे, तरी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, तेव्हा कुणीतरी रात्री करंट पितंय. निगेटिव्ह केबल काढून मधे मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा, दारं बंद करा, आणि अर्धा तास थांबा, म्हणजे ईसीयू झोपेल. मीटर मधे असताना सेल्फ मारायचा नाही. ०.०५ अँपिअरपर्यंत ठीक. ०.५ दिसला तर दिवसाला १२ एएच जातात, म्हणजे ६० एएचची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी. एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की वाट सापडली. पिकअपमध्ये बहुतेकदा ती वाट फ्यूज बॉक्समधून जातच नाही. नंतर बसवलेला जीपीएस, बाराशे वॅटचं लेबल लावलेला अ‍ॅम्प्लिफायर, फाळक्यावरच्या रंगीत पट्ट्या हे सगळं थेट बॅटरीवरून ओढलेलं असतं. अ‍ॅम्प्लिफायर आणि पट्ट्या चावीवर चालणाऱ्या रिलेमागे घ्या. जीपीएसला चोवीस तास करंट लागतोच, त्याला बॅटरीजवळ स्वतंत्र ३ अँपिअरचा फ्यूज घाला, आणि गाडी आठवडाभर उभी ठेवायची असेल तर निगेटिव्ह काढून ठेवा.